सरासरी स्थान

सकाळी सहाला वीज असते, म्हणून सहाला.
बाबा ताण्यावर ओला हात फिरवत असतात
आणि मी उंबऱ्यावर बसून
ते फुकटचं पान उघडते.
दर्शने चारशे बारा. क्लिक तीन.
सरासरी स्थान सत्तेचाळीस पूर्णांक सहा.

"सत्तेचाळीस म्हंजे?"
"पाचव्या पानावर, बाबा. एवढ्या खालतं कोनी जात नाई."
"आपल्या गावावानी," म्हणाले
आणि धोटा फेकला.

पहिल्या दिवशी त्यानं पुरावा मागितला होता:
ही साइट तुमचीच कशावरून?
एक फाईल दिली, चढव म्हणाला.
नेट फक्त बोडीच्या पाळीवर, तिथं जाऊन चढवली.
हिरवी खूण आली. मालकी सिद्ध.
घरी येऊन दाखवली तर बाबा
चष्मा काढून, परत लावून, पाहतच राहिले.
एकेचाळीस वर्षं करवती काठ विणला या माणसानं,
तीन धोटे, काठाचे दाते,
एक दात चुकला की चार बोटं उसवायचं,
आणि साडीवर शिक्का
दर वेळी नागपूरच्या दुकानाचा.

लोक काय लिहून आमच्यापर्यंत येतात, त्याचीही यादी असते.
करवत किंमत.
करवतीला धार कशी लावावी.
सागवान कापायची करवत भंडारा.
म्हणजे सुतारच सुतार.
दारात येतात, कोशाच्या साड्या पाहतात,
आल्या पावली परत.
"च्या तरी पाज त्याइले," बाबा म्हणाले
आणि त्या दिवशी दोनदा हसले.

अकरा पानं सादर केली होती मी.
चार बसली. उरलेल्यांपुढं लिहिलंय:
आढळले, सध्या नोंद नाही.
हे वाक्य मला नवीन नाही.
माझ्या वेळी तीन घरची माणसं असंच सांगून गेली होती,
कळवतो म्हणून.
ते मी बाबांना वाचून दाखवलं नाही.

मग पोळ्याच्या आठवड्यात एक ओळ दिसली,
सुतारांच्या मधोमध, अंग चोरून:
लग्नातली कोसा साडी काठ सुटला काय करू
दर्शन एक. क्लिक शून्य.

बाबांनी माग थांबवला.
भर उजेडात, वीज असताना थांबवला.
"कोन आहे ते?"
"ते नाई सांगत हे."
"कुठची?"
"तेही नाई."
"मंग लिव," म्हणाले.

सुई दहा नंबरची. दोरा कोशाचाच, बाजारचा नको.
आधी काठ पाण्यानं ओला कर, ओढू नको.
सुताचं अन् कोशाचं जमत नाई, एक आटते, एक नाई आटत,
म्हनून तं सुटते.
दात जिथं दातात बसते, तिथूनच टाका घे.
घाई असंल तं उद्या कर.

जसं बोलले तसंच लिहिलं.
त्यांचं 'तं' आणि 'नाई' राहू दिलं, शीर्षकात तेवढी
तिची ओळ जशीच्या तशी ठेवली.

दिवाळीपर्यंत ते पान सहाव्या स्थानावर आलं.
साडी एकही विकली गेली नाही त्यातून, खोटं कशाला सांगू.
पण काल बेरीज केली:
क्लिक वर नऊ लिहिलेत,
खाली यादीत भरतात सातच.
दोन कुठं गेले?
शोधून वाचलं. फार थोड्यांनी विचारलेलं तो दाखवत नाही,
माणूस ओळखू येऊ नये म्हणून.

बाबांना सांगितलं.
ते बराच वेळ धोट्यातली कांडी बदलत राहिले,
बदलायची नव्हती तरी.

आता रोज सहाला विचारतात,
"ते दोघं आले का?"
मी म्हणते, बाबा, हे आजचं सांगत नाही,
परवाचं सांगते.
"बरं," म्हणतात, "परवा आले होते का?"