आतली बाजू

सुरगाण्याहून निघालेली एसटी
डोंगराच्या पायथ्याला सोडते. पुढे दीड तास पायी.
वर सपाटीवर चाळीस घरं,
त्यातल्या सहा घरांत तोंडं बनतात.

हो, तोंडंच म्हणतात. सोंगाचं तोंड.
मुखवटा हा शब्द मी खालून नेला,
बदलीच्या ऑर्डरीसोबत.

नवसू भोये चिंचोके भाजतो, दळतो, खळ शिजवतो,
रांजणात कागद भिजत घालतो.
कागद माझ्या शाळेचा :
जुन्या उत्तरपत्रिका, तांदळाच्या याद्या,
पटसंख्येचे तक्ते, दोनदा पाठवूनही
जे वर कुणी उघडले नाहीत.
"द्या गुरुजी. रावणाला डोकी दहा,
कागद पुरत नाही."

बाहेरून गेरू, काजळी, बेगड.
आतून मात्र सगळं वाचता येतं.
खंडेरावाच्या कपाळामागे शेकडेवारी,
शूर्पणखेच्या गालात 'माझा आवडता पक्षी',
आणि नरसिंहाच्या जबड्यात
जमनी गावितचं शुद्धलेखन,
दहापैकी तीन.
सही माझी.

नाशिकहून एक जण आला, गंगापूर रोडला त्याचं दुकान.
चाळीस नग सांगून गेला, भिंतीवर लावायचे.
नवसूने केले. रंग उजळ, मिश्या ठसठशीत,
फक्त डोळ्यांची भोकं पाडली नाहीत.
माणूस तडकला. हे आंधळे कोण घेणार?
नवसू विडी विझवत म्हणाला,
"भिंतीला कुठं बघायचंय, शेठ."
आणि थोड्या वेळाने,
"बुबुळं रंगवून देतो. पाडणार नाही."
पैसे अर्धेच मिळाले.
त्या पैशांत छपराला सहाऐवजी चार पत्रे.

ह्या वर्षी बोहाड्याला माणसं कमी.
निम्मं गाव पिंपळगावला, द्राक्षं खुडायला.
भीमासुराचं तोंड तयार, खाली उभं राहायला अंग नाही.
नवसूने माझी उंची पाहिली, मग पाय पाहिले.
"नाचता नाही आलं तरी चालंल. पडू नका."

तोंड चढवलं. सगळं ओझं मानेवर,
नाकात खळीचा आंबूस वास.
संबळ सुरू झाला, पिपाणी कानात शिरली,
आणि दोन भोकांतून गाव दिसलं,
चार वर्षांत दिसलं नव्हतं इतकं जवळ :
मशालीच्या उजेडात हात जोडलेली म्हातारी सोनकी
(एरवी माझ्या रामरामाला ती नुसती मान हलवते),
तिच्यामागे माझा अख्खा तिसरीचा वर्ग
एकमेकांच्या सदऱ्यांना धरून.
मला ही पोरं कधी घाबरली नव्हती.
एकटी जमनी पुढे उभी.
थेट भोकांत बघत होती,
आत कोण आहे ते.

मी पाय आपटले. दोनदा चुकले.
कुणी हसलं नाही. असुराला कोण हसतं?

पहाटे तोंड उतरवलं तेव्हा
घामाने आतला कागद भिजून फुगला होता.
जमनीने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि थांबली.
"गुरुजी, गालावर लाल."

आरसा नव्हता. बोट फिरवलं, तर शाई,
माझीच,
फुली होती की बरोबरची खूण, कळेना.
तिने मान वाकडी करून पाहिलं,
ओठ हलवत, अक्षर जुळवल्यासारखं.
"उलटं उमटलंय," म्हणाली,
"मला वाचता येईना."