गणंग

सीडर फॉल्सला फेब्रुवारीत
खिडकीला आतल्या बाजूनेही बर्फ धरतो.
पहिलीचा वर्ग. एकोणीस मुलं, मांडी घालून,
निळ्या पट्टीच्या पलीकडे.
मधोमध चादर, चादरीवर गरम हवेचं यंत्र,
झाकण नसलेलं.
झाकण हॉल्व्हर्सन बाईंनी मुद्दामच लपवलंय.

मी मदतनीस. माझ्याकडे मीठ, कागदी द्रोण
आणि पट्टी ओलांडणारे गुडघे मागे सारणं.

"दाण्याच्या पोटात पाणी असतं," बाई सांगतात,
"थेंबसुद्धा म्हणवत नाही, इतकंसं.
ते तापतं, त्याची वाफ होते,
वाफेला दार सापडत नाही.
ती ढकलते, ढकलते..."
"आणि साल म्हणतं बास!" डेझमंड ओरडतो,
आणि फट्!
पहिली लाही थेट ओडॅलिसच्या वेणीत.

मग थांबतंय कोण.
पायमोजा उलटा करावा तसा
एकेक दाणा आतला पांढरा बाहेर काढून
चादरभर उड्या मारतो.
आमच्याकडे अंगाची लाही लाही होते
उन्हाने, नाहीतर रागाने;
इथे टाळ्या पडतायत.
सगळ्यात लांब गेलेली: बत्तीस इंच.
फूटपट्टी धरणाऱ्यानेच ती खाल्ली.

थॅडियस खात नाही.
यंत्र निवल्यावर तळात बघतो. अकरा दाणे.
"हे का नाही?"
तीन आठवड्यांतलं त्याचं पहिलं वाक्य.

साल तडकलेली असेल, वाफ निसटली असेल,
किंवा पाणीच आधी सुकलं असेल, बाई म्हणतात.
मी म्हणते, आमच्याकडे ह्यांना नाव आहे. गणंग.
"गनांग."
नाही रे, जीभ वर वळव, टाळूला लाव. ण.
एकोणीस जिभा टाळूला,
ण ण ण ण,
पत्र्यावर दाणे पडावेत तसा वर्ग.

शुक्रवारी अकराही जण बरणीत गेले,
वर चमचाभर पाणी.
येताजाता जो तो बरणी हलवायचा.
बुधवारी पुन्हा यंत्र.
चार उडाले. सात नाही.

ते सात त्याने कोटाच्या खिशात टाकले.
त्याच्या आईला मी चिठ्ठी लिहिली:
कोट धुवायच्या आधी खिसा बघा,
त्यात आहेत...
पेन अडलं. इंग्रजीत काय म्हणावं?
मग तोच शब्द लिहिला, रोमन अक्षरांत,
आणि खाली बारीक अक्षरात:
उच्चार तो सांगेल.