कालवांचा हंगाम

मार्च ते ऑगस्ट मी ब्लफच्या शेडमध्ये कालवं फोडतो.
डाव्या हातात शिंपला, उजव्यात आखूड सुरी,
कडेची फट शोधायची, मनगट वळवायचं, बस्स.
आतला जीव अजून जिवंत असतो.
त्याला कळतं का काही, असं फर्नने विचारलं होतं
सहा वर्षांची असताना.
मी म्हटलं, नसावं.
मला कसं ठाऊक, हे तिने विचारलं नाही.

पंधराव्या वर्षी आम्ही तिघे होतो:
मी, टिपेने, आणि डच बेकरीवाल्याचा योरिस.
बंद कत्तलखान्यामागे, गंजक्या टाकीच्या आडोशाला.
टिपेनेच्या काकाच्या काचघरात टोमॅटोंमागे
वाढायची ती पानं.
दक्षिणेचा वारा असा, की एका झुरक्याला सात-आठ काड्या.
हसू यायचं.
खोटं कशाला बोलू, तसं हसू पुन्हा कधी आलं नाही.
शाळेआधी. शाळेनंतर. मग शाळेऐवजी.
अठरा संपता संपता सोडलं,
बोटीवर काम लागलं म्हणून,
कुणी समजावलं म्हणून नव्हे.
वाटलं, धूर तो, गेला वाऱ्यावर.

लोक सांगतात, ऊर भरून आला,
डोळे भरून आले, मन भरून आलं.
सगळी भांड्यांची क्रियापदं.
माझ्या तळाला कुठेतरी बारीक भोक असावं.
फर्न जन्मली तेव्हा सुईणीने तिला हातात दिली
आणि मी म्हटलं, साडेतीन किलो.
काट्यावर बरोबर तेवढीच भरली. सगळे हसले.
वडिलांना पुरलं त्या दिवशी मी खुर्च्या मोजल्या.
त्रेसष्ट.
कर्स्टी जाताना म्हणाली,
निदान भांडला असतास तरी चाललं असतं.
ती आता इन्व्हरकार्गिलला असते. पंचवीस मिनिटं.
मी त्या रस्त्याला गाडीत रेडिओ लावत नाही,
लावला काय, न लावला काय.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर मेंदू काढला, बटाट्यासारखा.
म्हणाल्या, त्या वयात आतले रस्ते अजून बांधले जात असतात.
मी विचारलं, म्हणजे त्यानेच झालं?
पेनाला टोपण लावत म्हणाल्या,
एकट्या माणसाबद्दल छातीठोक नाही सांगता येत.
आई कधी गेली तुमची? चौदाव्या वर्षी?
आणि कत्तलखाना त्याच साली बंद? हं.
तो 'हं' मी खिशात घालून घरी आणला.
टिपेनेने माझ्याइतकंच ओढलं होतं,
तो रग्बीआधीच्या राष्ट्रगीतालाही रडतो.
योरिसचं मी बोलत नाही.

काल मंगळवार. हा आठवडा फर्न माझ्याकडे.
धुवायला म्हणून तिचं जाकीट उचललं
आणि ओल्या लोकरीखालून तो वास आला.
वीस वर्षं झाली. नाक विसरत नाही.

पोटात गोळा आला.

मी जागीच थांबलो. चाचपून पाहिलं,
परक्या घरात अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तसं.
गोळाच होता. जड. माझाच.
मग काळजात चर्र झालं, तेही झालं, पाठोपाठ,
आणि सुरी न घसरू देणारे हे हात
साबणाची बाटली धरू शकेनात.
सांगायला लाज वाटते,
पण क्षणभर मला बरं वाटलं.
कुणीतरी आहे अजून आत, असं.
आणि लगेच: पण हिच्या जिवावर?

मशीन लावलं नाही.
जाकीट मांडीवर घेऊन पायरीवर बसलो.
ओरडावं, की टाकीमागची गोष्ट सांगावी?
ती सांगितली, तर ते हसू वगळून सांगायचं का?
आकडे आठवेनात. बटाटा तेवढा आठवला.

चारच्या बसने ती आली.
आधी माझ्याकडे पाहिलं, मग जाकिटाकडे.
फाटकाची कडी तिच्या हातातच राहिली.
"बाबा, तू रडतोयस?"
मी म्हटलं, वारा आहे.
मग म्हटलं, नाही. वारा नाही.
ये, बस इथे.