पहिली बोट चुकवणे

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी फ्रिजवर एक तक्ता लावला.
हिरव्या शाईत दूध-पाव, निळ्या शाईत शनिवारचा सॉना,
आणि तांबड्यात, जुलैच्या दुसऱ्या शुक्रवारी:
हीयूमा बेट. बोट साडेदहाची.
लेलोने तो वाचला,
आणि त्याच्या बरोबर मधोमध
ताम्पेरेहून आलेलं तिच्या आईचं पोस्टकार्ड डकवलं.

मी काही बोलले नाही.
सॉनात बर्चच्या फांद्यांची जुडी कुणी कुणाच्या पाठीवर मारायची
हेसुद्धा त्या घरात माझ्याआधीच ठरलेलं.
मी सगळ्यात खालच्या बाकावर,
जिथे वाफ पोचत नाही.

तर त्या शुक्रवारी, पोल्त्समाच्या अलीकडे,
राइवोने गाडी कडेला घेतली.
"सॉनाची भट्टी मी विझवली का?"
कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारा माणूस;
त्याचा भरवसा काय द्यावा?
पन्नास-साठ किलोमीटर उलटे.
भट्टी गारढोण. तिच्यावर मांजर पाय ताणून झोपलेलं.
सहा वर्षांचा ओट म्हणाला,
"मग मांजरालाच फोन करायचा होता."

रोहूकुलाच्या धक्क्यावर पोचलो
तर बोट आमच्याकडे पाठ करून निघालेली.
तीन रंगांच्या शाया, आणि सगळं मुसळ केरात.
मी डबा उघडला, दुसरं करणार काय?
काळा पाव, धुरावर शेकलेली बारकी मासळी,
उकडलेली अंडी, वाऱ्याला न जुमानणारी एक माशी.
राइवो भट्टीची गोष्ट पुन्हा सांगायला लागला
आणि लेलो हसली. नाकातून दूध येईपर्यंत.
वर्षभरात तिने मला कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती.
तेव्हाही मारली नाही.
फक्त विचारलं, "शेपू आहे अजून?"
आणि दोन काड्या तोडून
आधी माझ्या पावावर ठेवल्या.

पुढच्या जुलैत नवा तक्ता. तांबड्यात: बोट साडेदहाची.
त्याखाली पेन्सिलीने, लेलोचं तिरकं अक्षर:
चुकवणे.

तेव्हापासून चुकवतो.
वाटतं तितकं सोपं नाही ते.
एकदा इतकी हळू चालवली गाडी
की मागच्या ट्रकवाल्याने उतरून तब्येत विचारली;
तरी पाऊण तास आधी पोचलोच.
नारिंगी जाकिटातला हाइनो सुरुवातीला हातवारे करायचा,
या, या, जागा आहे!
आम्ही भरल्या तोंडाने टाटा करायचो.
आता तो नुसती टोपी उचलतो.
बेटावर काय पाहिलं, ते मात्र धड आठवत नाही.
एकदा दीपगृह बंद होतं. एकदा पाऊस.

यंदा ओट पलटणीत. साडेदहाला त्याचा निरोप: गेली का?
राइवोने बोटीच्या पाठीचा फोटो पाठवला, अंगठ्यासकट.

आणि यंदा लेलोने एका मुलाला आणलंय. इंद्रेक.
इस्त्रीचा शर्ट, हातात दोन पिशव्या.
भोंगा वाजला तसा तो सुसाट पळाला,
"चला, अजून दोन मिनिटं आहेत!"
अर्ध्या धक्क्यावर थांबून मागे पाहिलं त्याने:
आम्ही तिघं कठड्यावर बसलेले, पाय हलवत.

लेलोने त्याला काहीच समजावलं नाही.
म्हणाली, "ऊर्वे सांगेल."
मी सरकून जागा केली.
म्हटलं, बस. आधी खाऊन घे.
शेपू चालतो ना तुला?