दहा तेत्री

आमच्या इमारतीत उतरणं फुकट.
चढायचं असेल तर लिफ्टमधल्या पेटीत
दहा तेत्रींचं नाणं टाकावं लागतं.
ग्ल्दानीत कुणाला त्यात नवल वाटत नाही.
तीस वर्षं मी ते डाव्या हाताने टाकत आले,
उजव्यात पिशवी, डोक्यात सरबताच्या कारखान्याचे हिशेब.
डाव्या हाताचा मळ, म्हणतात ना, तसं.

फेब्रुवारीत एका सकाळी
चहाची बशी डावीकडून नाहीशी झाली.
बशी होती तिथेच.
बाजू गेली होती.

हॉस्पिटलातून परतले तेव्हा
हातही आला माझ्याबरोबर, पण पाहुण्यासारखा,
जिथे ठेवाल तिथे बसून राहणारा.
सून आधी त्याला बाही घालायची,
मग उरलेल्या मला.

बाचो येतो सोमवारी आणि गुरुवारी.
वय सव्वीस, बुटांना कायम चिखल.
टेबलावर टॉवेल पसरून त्यावर माझा तळवा ठेवला,
म्हणाला, पुसा, कालबातोनो झुझुना.
मी म्हटलं, टेबल स्वच्छ आहे.
तो म्हणाला, मग मळेपर्यंत पुसा.

खुर्चीतून उठायचं दहा वेळा, हात न टेकता.
हात टेकायचे नाहीत.

राजम्याचे दाणे या वाडग्यातून त्या वाडग्यात.
पहिल्या आठवड्यात शून्य.
दुसऱ्यात एक; तोही टेबलाखाली गेला,
मांजराने हुंगला आणि सोडून दिला.
वीजबिलाच्या पाठीमागे मी वही मांडली:
उचलले तीन, सांडले एकोणीस.
बेरजेत हातचा एक धरायची सवय जन्माची,
आणि आता हातात एक धरता येईना.

मे महिन्यात मी वाडगा भिंतीवर फेकला.
उजव्याने. नेम चुकला नाही.
बाचो काही बोलला नाही, केरसुणी घेऊन आला
आणि ती डाव्या हातात दिली.
फ्रीजखालून दाणे निघत राहिले जूनपर्यंत.

ऑक्टोबर. मंगळवार. सून बाजारात.
मी कोट चढवला, चार बटणांपैकी तीन लावली,
चौथ्याला म्हटलं, तू राहा,
आणि काठी घेऊन उतरले.
उतरणं फुकट.

अंगणात डोमिनोवाले खेळायचे थांबले.
मी सरळ तळघरातल्या भट्टीवर गेले,
होडीसारखा लांब, गरम पाव घेतला, काखेत धरला.
परत येऊन लिफ्टमध्ये शिरेपर्यंत सगळं ठीक.
मग लक्षात आलं:
काठी उजव्यात आहे.
नाणं डाव्या खिशात.

पहिलं नाणं पडलं.
ओमारीने दारातूनच स्वतःचं पुढे केलं,
भला माणूस, रोज दाढी करतो.
मी म्हटलं, ठेव ते.
मागे व्हायोलिनची पेटी घेतलेली मुलगी,
तिच्यामागे कांद्यांची जाळी घेतलेली बाई.
दुसरंही पडलं, मुलीच्या बुटाला लागून थांबलं.
तिने उचललं, पेटीत टाकलं नाही,
माझ्या तळव्यावर ठेवलं.
कांदेवाली म्हणाली, अंगठा वर, अंगठा,
जशी काही ती आयुष्यभर हेच शिकवत आली होती.
अंगठा वर गेला.
नाणं फटीच्या कडेवर आडवं बसलं, डळमळलं,
मी कोपराने ढकललं. आत गेलं.
कोपर चालतं, बाचोला विचारलेलं आहे.

नवव्या मजल्यापर्यंत कुणी बोललं नाही.
कांद्याचा वास आणि पावाचा वास.

बिलामागे लिहिलं:
जमा, पाव एक.
खर्च, पाव सोडून, दहा तेत्री.
सांडले दोन.
सून आली, तिने पाव उलटा-सुलटा पाहिला,
विचारलं, याचं एक टोक कुठे गेलं?
ते मी हिशेबात धरलं नव्हतं.