तिसरा रकाना

काचेमागे बसते मी. हातात पेन्सिल, गळ्यात स्टॉपवॉच.
काचेपलीकडे अणुभट्टीचा खोटा नियंत्रण कक्ष:
दिवे खरे, खटके खरे, घाम खरा,
फक्त अणू तेवढे नाहीत.

आजचा प्रसंग: वाफेच्या जनित्रातली एक नळी फुटलीय.
मला ठाऊक आहे, आतल्या तिघांना नाही.
बाहेर बोथनियाचं आखात गोठलेलं,
दुपारी तीनलाच अंधार.

पहिला भोंगा. वेळ टिपली.
तोर्स्तीनं तो न वाचताच बंद केला. तेही टिपलं.
आउने कार्यपद्धती मोठ्यानं वाचतेय,
औषधाच्या बाटलीवरचं बारीक वाचावं तशी.
पायरी सात.
पायरी आठ.
नवव्या पायरीला इल्पोचा हात उठला
आणि डावीकडे गेला.

झडपेचा खटका उजवीकडे आहे.

बोट टेकलं. दाबलं नाही.
आउने काही बोलली नाही, फक्त वाचायची थांबली.
चार सेकंद.
मग हात स्वतःहून उजवीकडे आला
आणि फुटकं जनित्र वेगळं पडलं.

माझ्या तक्त्यात दोनच रकाने:
चुकला. नाही चुकला.

नंतर कॉफी पिताना इल्पोला विचारलं.
कपाकडे बघत म्हणाला,
एकवीस वर्षं तो खटका डावीकडेच होता.
पॅनेल बदललं त्याला तीन वर्षं झाली.
मला कळलंय.
हाताला अजून कळवायचंय.

हेलसिंकीच्या कचेरीला आकडा हवा असतो.
अंश वर, छेद खाली, मध्ये रेघ.
अंशाचं काही नाही, चुका बोटांवर मोजते मी.
पण छेदात काय लिहू?
हा हात रात्रपाळीत, तापात, बायकोशी भांडून आल्यावर
कितीदा बरोबर जागी गेला,
तेव्हा काचेमागे कोण बसलं होतं?
न चुकण्याला भोंगा नसतो.

जुने हिशेबनीस बिलाच्या तळाशी लिहून मोकळे व्हायचे:
चूकभूल द्यावी घ्यावी.
माझ्या तक्त्याला तळच नाही,
नुसतं पुढचं पान.

त्या रात्री घरी पोचले.
दार लोटलं, आणि दिव्याचं बटण शोधत
हात डाव्या भिंतीवर फिरत राहिला.
डावीकडे बटण होतं ते माझं आणि पेन्त्तीचं घर.
इथं येऊन दीड वर्ष झालं.
बुटांवरचा बर्फ वितळून पायपुसण्यात मुरेपर्यंत
तशीच उभी राहिले अंधारात.
स्टॉपवॉच गळ्यातच होतं. दाबलं नाही.

सकाळी तक्त्यावर पट्टी ठेवून
तिसरा रकाना आखला.
त्यात इल्पोचे चार सेकंद लिहिले.
रकान्याला नाव सुचेना.
तसाच पाठवला.