गोलसमोरचा बर्फ

हर्णैला बर्फ म्हणजे पापलेटाच्या डोळ्यावर टाकायचा,
भुशातल्या लाद्या, टोच्याने फोडलेल्या.
इथे अल ऐनला मी बर्फाला इस्त्री करतो.
गाडीवर बसून, कडेकडेने आत येत,
गरम पाण्याचा हात फिरवत.
बाहेर शेचाळीस. माझ्या गळ्यात मफलर.

दर गुरुवारी कॉलेजांचे सामने.
खेळ मला फारसा कळत नाही.
मला कळतात खेळ संपल्यावरचे ओरखडे.
पुढे धावणाऱ्यांचे लांब, सुटे,
घाईत सही केल्यासारखे.
आणि गोलसमोरच्या निळ्या अर्धवर्तुळात
एकाच्याच पायांचे, दाट,
जात्याभोवती पीठ सांडावं तसा पांढरा चुरा.

हुमैदचा चुरा सगळ्यांत जास्त.
मी गुळगुळीत करून दिलेली जागा
तो आल्या आल्या बिघडवतो.
डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे,
पात्याने खरवडत, मान खाली,
खोबरं खवणाऱ्या बाईइतका मन लावून.
पहिल्या वर्षी राग यायचा.
मग कळलं, इतक्या चिकण्या जागेवर
कुणालाच उभं राहता येत नाही.

त्याचा संघ कच्चा,
म्हणून सगळं त्याच्यावरच येऊन आदळतं.
चकती दिसत नाही, ऐकू येते:
पॅडवर थप्प, खांबावर टण्ण,
आणि कधी कधी काहीच नाही,
म्हणजे हातमोज्यात.

यंदाचा उत्तम गोलरक्षक ठरवायला
तीन माणसं कागद घेऊन बसली.
शंभरात किती अडवले, दशांशासकट.
मला कुणी विचारलं नाही, विचारायचं कारणही नाही.
मी तेव्हा गाडीचं पातं बदलत होतो
आणि मनात म्हटलं, माझी टाकी बघा की.
इतरांच्या गोलसमोर एक फेरी पुरते,
त्याच्यासमोर तीन.

नाव पुकारलं. त्याचंच.
टाळ्या, ऊद, फोटो,
आईने अबायाच्या बाहीने त्याचं कपाळ पुसलं.
मी मागच्या दाराने टाकी रिकामी करायला गेलो.

तिथे वाळूवर रोज एक ढीग पडतो मळकट बर्फाचा.
मगरिबला टाकलेला इशापर्यंत अर्धा उरतो.
मांजरं येतात चाटायला,
शेजारच्या साईटवरची पोरं तोंड धुतात.

तो तिथे आला, ट्रॉफी काखेत,
आणि ढिगात गुडघा खुपसून बसला.
गुडघा सोललेल्या नारळाएवढा.
ट्रॉफी वाळूत ठेवली,
मी दिलेल्या चहाला दोन्ही हात हवेत म्हणून.

"परकार, अंतिम सामन्यातला दुसरा
डाव्या पायाच्या आतून गेला. पाहिलास?"
नाही म्हटलं. पाहिला होता.
"पाय मी इतका आधी उचलला,"
आणि कप खाली ठेवून
त्याने दाखवलं, बोटांत बोटभर अंतर धरून.
बराच वेळ ते अंतर तसंच धरून होता.
एक मांजर ट्रॉफीचा तळ हुंगून गेलं.
जबल हफीतच्या वळणांवर दिवे लागले होते.

ढीग त्याच्या गुडघ्याखाली खचत चालला.
"अजून आहे?" त्याने विचारलं.
मला वाटलं, चहा.
मी थर्मास उचलला.
त्याने मान हलवली
आणि टाकीकडे बोट केलं.